जोडफळी

जांबोटीला समुद्र नाही.
कणकुंबीच्या माथ्यावर पडलेलं पाणी
जरा इकडं कललं की मलप्रभा होतं
आणि समुद्राकडं पाठ करून
उगवतीला चालू लागतं.
त्या गावात माझ्या बापानं गलबत कापलं.

बांधलं नाही. कापलं.
बांधणारे वेंगुर्ल्याचे.
बाप वर, ओंडक्यावर उभा,
खाली खड्ड्यात फकीरप्पा, कित्तूरकडचा,
तोंडाला पंचा, पापण्यांवर भुसा.
बाप म्हणायचा ओढ, तो म्हणायचा एळि,
मधल्या करवतीला दोन्ही कळायचं.
चार महिने, अकरा साग.
भाकरी दोन फडक्यांत, ठेचा एकच.

मुकादमानं धुळीत काडीनं काढून दाखवलेलं:
हा पठाण, गलबताचा कणा,
हे वाक, म्हणजे बरगड्या,
ही नाळ, पुढं, पाणी फाडणारी.
फकीरप्पानं विचारलं, एवढ्या मोठ्यात माणसं किती राहतात?
सात, मुकादम म्हणाला, आणि कौलं वीस हजार.
मग घरच की ते, फकीरप्पा म्हणाला,
कौलं आत घातलेलं.

आंबोलीच्या वळणांवर बैल सोडून
माणसं जुंपली म्हणे.
खोडाचं बूड एका वळणावर, शेंडा दुसऱ्या.
मी सहा वर्षांचा. बेळगावच्या नाक्यापर्यंत गाडीवर गेलो
आणि झोपलो.

नाव ठेवलं माउलीप्रसाद.
ते कळलं बुधाजी तांडेलाच्या पत्रातून.
दरसाल एक पत्र, तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे.
मंगळुराहून कौलं, परतीला मीठ,
कलाफत एकदाच केली,
मेस्त्री, तुमच्या फळ्या पाणी पीत नाहीत.
बाप ते फकीरप्पाला त्याच्या भाषेत सांगायचा,
जमेल तसं. शेवटचं तेवढं नीट जमायचं:
नीर कुडियंगिल्ल.
फकीरप्पा हसायचा. म्हणायचा, आपणच पितो.

मग एका वर्षी पत्र उशिरा आलं.
पत्त्यातलं मुंबई राज्य खोडून
कुणीतरी जांभळ्या शाईनं म्हैसूर लिहिलेलं,
कुठं कुठं फिरलं त्याचे चार शिक्के.
अक्षर बुधाजीचं नव्हतं.
कार्तिकातलं वादळ, दाभोळच्या बाहेर.
डोलकाठी आधी गेली.
(ती उंडीची, आमची नव्हे. बापानं ही ओळ दोनदा वाचली.)
भिजलेलं शीड, कौलं सगळी एका कुशीला.
पाच जण वाचले. बुधाजी नाही,
आणि चूल सांभाळणारा एक पोरगा नाही,
त्याचं नाव लिहिलेलं नव्हतं.
समासात, आडवं: फळी एकही सुटली नाही. अखंड गेलं.

बाप त्या रात्री नेहमीसारखा जेवला.
सकाळी खड्ड्याच्या काठावर उकिडवं बसून
खाली सांगितलं.
फकीरप्पा वर आला नाही.
बराच वेळ भुसासुद्धा हलला नाही.
मग खालून आवाज आला,
एळि.

अकराव्या सागाची एक फळी राहिली होती,
गाठ निघाली म्हणून मुकादमानं नाकारलेली.
तिची जोडफळी पठाणाशेजारी बसलेली,
ही फकीरप्पानं उंबऱ्याला नेली.

मागच्या आषाढात गेलो होतो त्याच्या घरी.
नातवानं चहा दिला, अर्ध्या मराठीत म्हणाला,
हा उंबरा पावसात फुगतोय, दार अडकतंय,
तुम्ही मेस्त्रींचे ना, रंधा मारून द्या की जरा.
मी गुडघ्यांवर बसलो.
मधोमध झिजून गुळगुळीत,
पण बिजागरीखाली, जिथं पाय पडत नाही,
करवतीच्या रेघा अजून तिरक्या,
एक वरून ओढलेली, एक खालून.
पिते तर. ही एक फळी पाणी पिते.

रंधा पिशवीतून काढला नाही.
म्हटलं, राहू दे, दार जरा जोरात ओढत जा.
पोरगं बघत राहिलं.
एळि, म्हटलं.